ग्रामसभेत पोरांनी बोलायचं नसतं?

"ग्रामसभेत फक्त पंचायतीचे मेंबर लोकच बोलू शकतात, पोरांनी मागं उभं राहायचं" असा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. तसं काही नाहीये.

गोंधळ कुठे होतो तर ग्रामपंचायतीची निवडणूक लढवायला २१ वर्षं पूर्ण लागतात, आणि लोक तेच वय ग्रामसभेलाही लावतात. पण राज्यघटनेच्या कलम २४३ प्रमाणे गावच्या मतदार यादीत नाव असलेला प्रत्येक जण ग्रामसभेचा सदस्य असतो, म्हणजे १८ पूर्ण, यादीत नाव, झालं. खात्री करायचीय तर यादी बघा आणि पंचायतीच्या बोर्डावर सभेची नोटीस वाचा, ती मेंबरांपुरती नसते, सगळ्या ग्रामस्थांना असते.

आमच्याकडे तालमीतली पोरं तयार करताना आम्ही भाषण शिकवतच नाही, एकच प्रश्न कागदावर लिहून न्यायला लावतो. परवा एकानं लाईटच्या खांबाचं विचारलं, कागद थरथरत होता हातात, पण विचारलं! मग प्रोसिडिंगमध्ये, म्हणजे सभेच्या इतिवृत्तात, नोंद झाली का तेही त्यानंच जाऊन बघायचं, कारण बोलून मोकळं होणं सोपंय, पाठपुरावा करताना खरी दमछाक होते.