कडक भाकरीमागचे संघ : सोलापूरच्या बचत गटांची पार्श्वभूमी

ज्वारीच्या पिठाची विरी (धरून राहण्याचा गुण) गेली की भाकरी थापताना कडेला चिरते. ज्वारीत गव्हासारखा चिवटपणा नसतो. गरम पाणी घालून मळल्यावर पीठ धरतं, ताजं असेल तर अधिक चांगलं. म्हणून कडक भाकरी करणाऱ्या गटाला दळण थोडं थोडं आणि वारंवार करावं लागतं, पण ज्वारी मात्र वर्षाची साठवावी लागते. मंगळवेढ्याकडची मालदांडी ज्वारी फेब्रुवारी-मार्चमध्ये निघते. भाव तेव्हाच आवाक्यात असतो आणि रोख रक्कमही तेव्हाच लागते. दहा-बारा बायकांच्या गटाकडे ती नसते. गटांच्या जाळ्याची गरज मुळात इथूनच सुरू होते.

कर्जासाठी एकत्र येण्याची वाट जुनी आहे. १९०४ च्या कायद्याने पतसंस्था उभ्या राहिल्या, पण सातबाऱ्यावर नाव नसलेली बाई बहुतेक बाहेरच राहिली. १९७५ मध्ये महिला आर्थिक विकास महामंडळ स्थापन झालं. १९९२ मध्ये नाबार्ड या शेती-ग्रामविकासाच्या बँकेने ५०० गट बँकांशी जोडण्याचा प्रयोग केला आणि तारणाऐवजी गटाची वही चालू लागली. नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि नोंदी ही पंचसूत्री पुढे बँकेच्या दारातली ओळख झाली. २०११ मध्ये ‘उमेद’ हे राज्याचं ग्रामीण जीवनोन्नती अभियान आलं. गटांचा ग्रामसंघ, ग्रामसंघांचा प्रभागसंघ अशी उतरंड बसली.

कर्ज मिळालं, बाजार मिळाला नाही. जानेवारीतल्या गड्ड्याच्या यात्रेत किंवा प्रदर्शनात शेजारशेजारच्या गटांकडे तीच शेंगाचटणी असेल, तर स्पर्धा एकमेकींशीच होते आणि भाव पडतो. संघाचं खरं काम इथे आहे. सुगीत एकगठ्ठा ज्वारी घ्यायची, ती दाताखाली कट्‌कन फुटेपर्यंत वाळवायची (ओल राहिली की सोंडे लागतात) आणि गटांना गरजेप्रमाणे वाटायची.

हजार भाकरींची ऑर्डर एका गटाला दोन दिवसांत झेपत नाही, पाच गटांना दोनशे-दोनशे झेपते. मात्र माप एक हवं. त्यासाठी सगळ्या गटांना एकाच व्यासाची स्टीलची कडी द्यावी. एकीची भाकरी मोठी झाली की खोक्यात बसत नाही, वाटेत तुकडे होतात. कड जाड राहिली तर मधला भाग कडक होतो, कडेला ओल उरते आणि चार दिवसांत बुरशी धरते. मंद आचेवर पूर्ण वाळवून, कापडावर गार करूनच पॅकिंग करायचं. शेंगाचटणी गरम भरली तर पिशवीत वाफ धरते आणि चटणी लवकर बिघडते. पाकिटावर तारीख आणि गटाचा क्रमांक असला की तक्रार आल्यावर तेवढाच माल थांबवता येतो.

नुसतं नाव पुरत नाही, हे सोलापूरने चादरीत पाहिलं आहे. भौगोलिक मानांकन (मालाच्या मूळ ठिकाणाची कायदेशीर ओळख) मिळूनही पानिपतची स्वस्त चादर सोलापुरी म्हणून विकली गेली. मंगळवेढ्याच्या ज्वारीलाही २०१६ मध्ये मानांकन मिळालं; पोत्यातली ज्वारी कुठली, हे गावोगावच्या नोंदीच सांगू शकतात.

संघ सगळ्यात जास्त अडतात ते पैशांच्या वेळेत. दुकानदार महिन्या-दोन महिन्यांनी पैसे देतो, बाईला मात्र बाजाराच्या दिवशी लागतात. संघाने फिरता निधी बाजूला ठेवून माल पोचताच निदान अर्धी रक्कम दिली नाही, तर बाई भाकरी सुटी, पाकिटाविना जवळच्या व्यापाऱ्याला देते आणि पुढच्या ऑर्डरीला दोनशे भाकरी कमी पडतात.