गिट २.४५.२: दुरुस्तीची दुरुस्ती का करावी लागली

गिट म्हणजे प्रोग्रामच्या कोडमधला प्रत्येक बदल नोंदवून ठेवणारं साधन. गिटमधली दुरुस्ती एरवी चारचौघांसमोर तपासली जाते. एप्रिल २००५ मध्ये लिनक्सवाल्यांची बिटकीपर हे तशाच कामाचं साधन फुकट वापरायची सोय गेली आणि लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी गिट लिहायला घेतलं. त्याच वर्षी जुलैत देखभाल जुनिओ हमानो यांच्याकडे आली. पॅच (बदललेल्या ओळींचा तुकडा) ई-मेलने पाठवायचा, इतरांनी त्यातल्या ओळीखाली ओळ शंका लिहायच्या, मग दुसरी आवृत्ती, तिसरी आवृत्ती, हा रिवाज लिनक्सकडूनच आला. कोड बरोबर असला तरी बदल का केला हे कमिट मेसेजमध्ये (बदलासोबतच्या टिपणात) नीट लिहिलेलं नसेल, तर पॅच परत येतो. (नवख्यांना याचा राग येतो, पाच वर्षांनी तीच ओळ शोधताना तो जातो.) मान्य झालेला बदलसुद्धा थेट 'मास्टर' या मुख्य शाखेवर जात नाही. आधी 'नेक्स्ट' या चाचणीच्या शाखेत मुरतो, आणि ती शाखा रोजच्या कामात वापरणाऱ्यांना काही खटकलं तर तिथेच अडतो.

सुरक्षेची भोकं बुजवताना मात्र हे जमत नाही. पॅच उघड टाकला तर हल्ला कसा करायचा हेही उघड होतं. त्यामुळे रिव्ह्यू मोजक्या लोकांत होतो आणि सगळ्या आवृत्त्या एकाच दिवशी बाहेर पडतात. डिसेंबर २०१४ मधली २.२.१ अशीच आली. विंडोज आणि मॅकवर फाइलच्या नावात कॅपिटल-स्मॉल अक्षरांचा फरक सहसा धरला जात नाही. म्हणून डॉट-गिट (गिटचा स्वतःचा आतला फोल्डर) हे नाव कॅपिटल अक्षरांत लिहिलेला फोल्डर रिपॉझिटरीत, म्हणजे गिट सांभाळतं त्या प्रकल्पात, घुसडला, की तो खऱ्या डॉट-गिटवरच लिहिला जायचा. ही गोम मर्क्युरियल या प्रतिस्पर्धी प्रणालीच्या लोकांच्या लक्षात आली होती.

दहा वर्षांनी तेच दुखणं पुन्हा उपटलं. सीव्हीई-२०२४-३२००२ (सीव्हीई म्हणजे जाहीर झालेल्या सुरक्षेच्या भोकाचा नोंद क्रमांक) मधला डाव असा: सबमोड्युलचा (रिपॉझिटरीत ठेवलेल्या दुसऱ्या रिपॉझिटरीचा) मार्ग कॅपिटल 'ए' या फोल्डरमधून न्यायचा आणि शेजारी स्मॉल 'ए' नावाची सिमलिंक ठेवायची, जी डॉट-गिटकडे बोट दाखवते. अक्षरभेद न मानणाऱ्या डिस्कवर दोन्ही एकच. मग सबमोड्युलच्या फाइली डॉट-गिटच्या पोटात उतरतात, त्यातली एक हुक (ठरावीक वेळी आपोआप चालणारी स्क्रिप्ट) बनते आणि नुसतं क्लोन करताच, म्हणजे रिपॉझिटरीची प्रत उतरवताच, ती चालते. रिपॉझिटरी उघडून बघायच्या आधीच घात झालेला असतो.

१४ मे २०२४ रोजी २.४५.१ आली, सोबत पार २.३९ पर्यंतच्या जुन्या मालिकांच्या दुरुस्त आवृत्त्याही. तिच्यात मूळ भोक बुजवलं होतंच, पण वर जास्तीची तटबंदीही केली होती: क्लोन चालू असताना एखादं नवं हुक उगवलं, तर गिट तिथेच थांबायचं. कागदावर हे शहाणपणाचं दिसतं. पण मोठ्या फाइली सांभाळणारं गिट एलएफएस क्लोन चालू असतानाच आपली हुकं बसवतं. साहजिकच एलएफएसवाल्यांची क्लोनिंग अडू लागली.

अशी तटबंदी आठवडाभर 'नेक्स्ट'मध्ये राहिली असती, तर कुणा एलएफएसवाल्याने पहिल्याच दिवशी बोंब मारली असती असं मला वाटतं. मूळ भोकाचा पॅच गुप्त ठेवणं भाग होतं. जास्तीच्या तटबंदीला ती घाई नव्हती. ती नंतर उघड रिव्ह्यूला टाकता आली असती. याआधी एप्रिल २०२२ मध्ये २.३५.२ ने दुसऱ्याच्या मालकीच्या फोल्डरमध्ये काम करायला नकार द्यायला सुरुवात केली, तेव्हाही कित्येकांची बिल्ड (कोडपासून प्रोग्राम तयार करायची प्रक्रिया) बंद पडली होती आणि पाठोपाठ २.३५.३ काढून तो नियम सैल करायची सोय द्यावी लागली होती.

२.४५.२ मे संपता संपता आली. तिच्या प्रकाशन-टिपणात आडपडदा नाही: हे बदल सद्हेतूने केलेले पण अतिआक्रमक होते, ते थेट सुरक्षेच्या दुरुस्त्या नव्हते आणि त्यांनी एलएफएस व त्याच्याच जातीचं गिट-ॲनेक्स यांची रास्त कामं मोडली. तटबंदी काढली गेली; सिमलिंकचं भोक बुजवणारा कोड जागच्या जागी राहिला.