कलम ८९ आणि रिझर्व्हवरचा विकास अधिकारी

कॅनडातल्या रिझर्व्हवर, म्हणजे मूलनिवासींसाठी राखून ठेवलेल्या जमिनींवर, ‘इकॉनॉमिक डेव्हलपमेंट ऑफिसर’ या पदाला वजन आलं ते १९८९ नंतर. त्या वर्षी केंद्र सरकारने मूलनिवासींच्या आर्थिक विकासाचं नवं धोरण जाहीर केलं आणि योजनांचे निर्णय, निधी हळूहळू समाजांच्या हाती जाऊ लागले. पैसा आला, टेबलखुर्ची आली. तिथे बसणाऱ्याला शिकवणार कोण? १९९० मध्ये या अधिकाऱ्यांनीच देशपातळीवर संघटना उभारली. पुढे तिने प्रमाणपत्राच्या दोन पायऱ्या आखल्या: आधी टेक्निशियन, मग प्रोफेशनल.

वेगळ्या प्रशिक्षणाची गरज का, याचं उत्तर बरंचसं मूलनिवासींसाठीच्या ‘इंडियन अ‍ॅक्ट’ या कायद्याच्या कलम ८९ मध्ये आहे. रिझर्व्हवरची बँडची (कायद्याने मान्य केलेल्या मूलनिवासी समाजाची) किंवा नोंदणीकृत सदस्याची मालमत्ता बाहेरच्या कुणाला गहाण घेता येत नाही, जप्तही करता येत नाही. हेतू संरक्षणाचा. पण एखाद्या बाईला तिथे बेकरी काढायची असेल, तर राहतं घर तारण म्हणून बँकेच्या कामाचं नाही. भट्टी हप्त्याने घेतली आणि हप्ते संपेपर्यंत मालकी विक्रेत्याकडेच राहिली, तर ती मात्र तो उचलून नेऊ शकतो; कायद्यात तशी सवलत आहे. १९८८ च्या दुरुस्तीने आणखी एक वाट उघडली: सदस्यांच्या मतदानाने जमीन ‘डेझिग्नेट’ केली, म्हणजे भाडेपट्ट्याने देण्यासाठी ठरवून दिली, की तिच्यावरचा भाडेपट्टा गहाण ठेवता येतो. या खाचाखोचा एरवीच्या एमबीएत कोण शिकवतं?

हे कलम ढाल की बेडी, हा वाद जुनाच. बेडी म्हणणाऱ्यांचा आवाज मोठा असतो. पण ही ढाल नसती तर किती जमीन सावकारांच्या घशात गेली असती, हेही विचारायला हवं.

मूळ कायदा १८७६ चा. त्यानंतर पश्चिमेच्या गवताळ ‘प्रेअरी’ प्रांतांत रिझर्व्हवरच्या शेतकऱ्याला गहू किंवा गवताची गाडी विकायलाही सरकारी एजंटची चिठ्ठी लागे. आता अधिकाऱ्याला १९९९ च्या जमीन-व्यवस्थापन कायद्याच्या जागी २०२२ मध्ये आलेला कायदा आणि २००५ चा वित्तीय कायदा, दोन्ही वाचावे लागतात. या वित्तीय कायद्याच्या आधारे फर्स्ट नेशन्सनी, म्हणजे मूलनिवासी समाजांनी, २०१४ च्या जूनमध्ये एकत्र येऊन ९ कोटी डॉलरचे पहिले रोखे बाजारात विकले. गव्हाच्या चिठ्ठीचं कलम तेव्हा अजून कायद्याच्या पुस्तकात होतं. ते निघालं त्याच वर्षाच्या डिसेंबरात.