सुधार प्रन्यास : मालमत्ताविषयक अधिकार

वस्तीसुधारणा, नवे रस्ते, घरबांधणी अशा नेमून दिलेल्या कामांपुरते कायद्याने स्थापन केलेले स्थानिक मंडळ म्हणजे सुधार प्रन्यास. मुंबईत ‘इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट’ हे नाव रुळले, तर नागपुरात ‘सुधार प्रन्यास’, ‘नासुप्र’ किंवा नुसते ‘एनआयटी’. नगरपालिका शहराचा सगळा कारभार पाहते. प्रन्यासाकडे कामे मोजकीच असतात; पण त्या कामांसाठी जमीन घेणे, ती स्वतःच्या नावावर ठेवणे, भाडेपट्ट्याने देणे आणि विकणे हे अधिकार त्याला भरभक्कम मिळालेले असतात.

‘ट्रस्ट’ या शब्दाने गैरसमज होतो. १८८२च्या भारतीय न्यास अधिनियमाखालचा हा न्यास नव्हे. स्वतःच्या नावाने मालमत्ता धारण करणारा, दावे लावणारा तो एक निगम निकाय, म्हणजे कायद्याच्या नजरेत स्वतंत्र व्यक्ती मानलेली संस्था, असतो. मंडळ नागरिकांच्या वतीने जमीन सांभाळते, म्हणून त्याला विश्वस्तच मानावे, असेही एक मत आहे. मात्र अधिकारांची मर्यादा ठरते ती कायद्याने सांगितलेल्या प्रयोजनावरून, त्यामुळे निगम निकाय ही बाजू अधिक ग्राह्य वाटते. तुलनेसाठी, कॅलिफोर्नियातील सिंचन जिल्ह्यांच्या (शेतीला पाणी पुरवण्यासाठी स्थापन होणाऱ्या स्थानिक मंडळांच्या) १८८७च्या राइट कायद्यात जिल्ह्याची मालमत्ता त्या कायद्याच्या हेतूंसाठी विश्वस्त नात्याने धारण केली जाईल, असे स्पष्ट लिहिले होते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १८९६ मध्ये तो कायदा वैध ठरवला.

मुंबईच्या ट्रस्टचे मूळ कशात, याबद्दल एकवाक्यता नाही. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात प्लेगचे निदान झाले, शहर रिकामे होऊ लागले आणि १८९८ मध्ये मुंबई प्रांताचा चौथा कायदा होऊन ट्रस्ट उभा राहिला, ही सर्वमान्य हकीकत. हा साचा आला कोठून, हा प्रश्न मात्र उरतो. बहुतेक जण १८६६च्या ग्लासगो शहर सुधार कायद्याकडे बोट दाखवतात. काहींच्या मते इंग्लंडचा १८९० चा श्रमिक-गृहनिर्माण कायदा अधिक जवळचा. दाटीमुळे फुगलेले भाडे भरपाई ठरवताना धरू नये, हे त्यातील तत्त्व भारतीय सुधार कायद्यांतही उतरले. पण घरचे उदाहरणही नजरेआड करता येत नाही. १८७०च्या सुमारास सरकारने एल्फिन्स्टन कंपनीची किनाऱ्यालगतची मालमत्ता विकत घेतली आणि १८७३ मध्ये बंदराचा कारभार पाहणारा पोर्ट ट्रस्ट स्थापन झाला. एकाच कामासाठी मंडळ नेमायचे, जमीन त्याच्या नावे करायची आणि तिच्या उत्पन्नावर काम चालवायचे, ही रीत मुंबईच्या गोदीवर आधीच पडलेली होती. तपशील ब्रिटिश कायद्यांतून आले आणि रचनेचा सराव पोर्ट ट्रस्टने दिला, असे मानणे सयुक्तिक ठरेल.

ट्रस्टच्या चौदा विश्वस्तांत महापालिकेचे निर्वाचित प्रतिनिधी अल्पमतात होते. योजना मंजूर झाली की १८९४च्या भूसंपादन कायद्याचा फेरफार केलेला अवतार लागू होई आणि भरपाईचे वाद एक अध्यक्ष व दोन असेसर (अध्यक्षाला साहाय्य करणारे सदस्य) अशा न्यायाधिकरणापुढे जात. रस्त्याला लागेल त्याहून जास्त पट्टा घ्यायचा आणि रस्ता झाल्यावर वाढलेल्या दराने दुतर्फाचे भूखंड पट्ट्याने देऊन खर्च भरून काढायचा, हे या पद्धतीचे आर्थिक मर्म. प्रिन्सेस स्ट्रीट (आताचा शामलदास गांधी मार्ग) आणि सँडहर्स्ट रोड ही ट्रस्टच्या रस्ता-योजनांची ठळक उदाहरणे. भरपाई घरमालकाला मिळे. महिन्याच्या भाड्याने खोलीत राहणाऱ्याच्या हाती जवळजवळ काहीच पडत नसे, आणि पाडलेल्या खोल्यांच्या मानाने नव्या खोल्या कमी पडल्या. या अधिकारांचा विचार करताना ही बाब तळटीपेत ढकलणे अन्यायाचे होईल.

भाडेपट्टा हे ट्रस्टच्या हातातले दुसरे साधन. पट्टे ९९ किंवा ९९९ वर्षांचे असत. मालकी ट्रस्टकडेच राहिल्याने पट्ट्यातील अटींद्वारे इमारतीच्या उंचीपासून रहिवाशांपर्यंत बऱ्याच गोष्टी ठरवता येत. दादर-माटुंगा योजनेत ट्रस्टमधील अभियंता मंचेरजी जोशी यांच्या प्रयत्नांमुळे १०३ भूखंड पारशांसाठी राखले गेले. तीच दादर पारशी कॉलनी.

गरिबांसाठी ट्रस्टने बांधलेल्या ‘बीआयटी (बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट) चाळी’ नागपाडा, आग्रीपाडा, परळ आदी भागांत आहेत. परळच्या पोयबावडीतील पहिल्या क्रमांकाच्या चाळीत, दुसऱ्या मजल्यावरील ५० आणि ५१ क्रमांकाच्या खोल्यांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर साधारण १९१२ ते १९३४ या काळात राहिले. एका खोलीत संसार आणि दुसरीत अभ्यास व भेटीगाठी, अशी ती जागा होती.

१९२५च्या कायद्याने ट्रस्टचे काम महापालिकेकडे वळवण्यास सुरुवात झाली आणि १९३३ मध्ये विलीनीकरण पुरे झाले. पट्टे मात्र चालूच राहिले. जुन्या योजनांतील भूखंड पट्ट्याने देणारी मालक आता महापालिका आहे.

नागपूरचा प्रन्यास १९३६च्या कायद्याने झाला व आजही आहे. त्याच्या अधिकारांवरील सर्वांत महत्त्वाचा निर्णय डिसेंबर १९७२चा. भूसंपादन कायद्यात बाजारभावावर १५ टक्के जादा रक्कम (सोलेशियम) मिळे. प्रन्यासाच्या कायद्यात ती वगळली होती, शिवाय जमिनीची किंमत तिच्या त्या वेळच्या वापरावरून ठरत असल्याने भावी उपयोगाचे मोल धरले जात नसे. जमीन कोणती संस्था घेते यावरून मालकाची भरपाई कमीजास्त होऊ शकत नाही, असे सांगत सर्वोच्च न्यायालयाने हा भेद संविधानाच्या १४व्या अनुच्छेदाविरुद्ध ठरवला. संपादनाचा अधिकार शाबूत राहिला. स्वस्तात संपादनाची सवलत गेली.

सामान्य नागपूरकराचा प्रन्यासाशी संबंध येतो तो लेआउट (जमिनीवर पाडलेल्या भूखंडांची आखणी) नियमित करून घेताना. प्लॉट घेणारा आधी विचारतो, ‘आरएल आहे का?’ आरएल म्हणजे प्रन्यासाचे नियमितीकरणाचे पत्र. अलीकडे प्रन्यास बरखास्त करण्याचे निर्णय झाले, पण ते पूर्णपणे अमलात आले नाहीत.

कोलकात्यात १९११च्या कायद्याने आणि दिल्लीत १९३७ मध्ये अशीच मंडळे स्थापन झाली.