कोकणातील खासगी जंगलांचे सामूहिक जतन

कोकणातल्या डोंगरउतारांवरचे बरेचसे जंगल वनखात्याचे नसून शेतकऱ्यांच्या सातबाऱ्यावरचे आहे. एकमेकांना लागून असलेल्या अशा गटांचे मालक एकत्र येऊन तोड, वणवा, चराई आणि वनोपज यांचे नियम ठरवतात व ठराविक मुदतीच्या लेखी कराराने ते पाळतात, त्या व्यवस्थेची ही नोंद. रत्नागिरी जिल्ह्याच्या निम्म्याच्या आसपास भूभागावर वनाच्छादन आहे, पण त्यातली सरकारी वनजमीन अगदीच थोडी. त्यामुळे सह्याद्रीच्या या बाजूला जंगल टिकणार की नाही, हे मुख्यतः जमीनमालकांच्या हातात आहे. संगमेश्वर तालुक्यात पुण्याच्या ‘अप्लाइड एन्व्हायर्न्मेंटल रिसर्च फाउंडेशन’ या संस्थेने मालकांशी असे करार केले आहेत. पुढचे वर्णन मुख्यतः त्या परिसराला धरून आहे.

मालकी आणि तोडीचा फेरा

हे जंगल बहुतेक वरकस जमिनीवर आहे. भातशेतीला निरुपयोगी असलेल्या या उतारांवर पूर्वी नाचणी-वरी होई, गुरांना गवत मिळे आणि राबासाठी, म्हणजे भाताच्या रोपांची जमीन भाजायला, कवळ (पाल्यासकट फांद्या) तोडली जाई. १९४९च्या कायद्याने खोती (सारा वसूल करणाऱ्या खोतांची वतनपद्धत) गेली, कुळे मालक झाली. पुढे पिढीगणिक वारस वाढले. माणसे मुंबईला गेली, नाचणी मागे पडली आणि माळावर रान चढले. आज तीन-चार एकरांच्या गटाला वीस-पंचवीस सामायिक धारक असणे नवलाचे नाही. त्यांतले निम्मे चाकरमानी, काहींची तर वारस नोंदही झालेली नसते.

अशा जमिनीचा पैसा करायचा सोपा मार्ग एकच राहतो, तो म्हणजे उभे जंगल व्यापाऱ्याला उक्ते विकणे. दहा-पंधरा वर्षांतून एकदा व्यापारी येतो, अख्खा उतार साफ करतो आणि लाकूड कोळशाला, वीटभट्टीला किंवा बॉयलरला जाते. मालकाला एकरकमी पैसे मिळतात, पण वाटण्या झाल्यावर प्रत्येकाच्या हाती फार काही उरत नाही. ऐन आणि किंजळ बुंध्यातून पुन्हा फुटतात, म्हणून दुरून रान हिरवे दिसते. दर फेऱ्यात काही बुंधे मरतात, सावकाश वाढणारी झाडे परत येत नाहीत, आणि ढोलीपुरता जाड खोडाचा एकही वृक्ष उरत नाही.

कायद्याची चौकट

मालकाच्या मनात कायद्याची पहिली आठवण भीतीचीच असते. महाराष्ट्र खासगी वने (संपादन) अधिनियमाने ३० ऑगस्ट १९७५ रोजी खासगी वने सरकारजमा झाली. नंतरच्या दुरुस्तीने लहान धारकांना १२ हेक्टरच्या मर्यादेत जमीन परत मिळण्याची सोय झाली. १९२७च्या वन अधिनियमातील कलम ३५च्या (खासगी जंगलातील तोड व वापरावर निर्बंध घालण्याच्या) जुन्या नोटिसांवरून झालेले वाद मात्र दशकानुदशके चालले. नुसती नोटीस निघाली म्हणून जमीन खासगी वन ठरत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४मध्ये स्पष्ट केले. झाडे राखली तर जमीन जाईल, ही गावोगावची समजूत यातूनच आली. तिला सरसकट चुकीची म्हणता येत नाही. १२ डिसेंबर १९९६च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार मालकी कोणाचीही असो, शब्दकोशातील अर्थाने जे वन त्याला वनसंवर्धन कायदा लागू होतो.

तोडीसाठी १९६४चा झाडतोड विनियमन कायदा आहे. परवानगीशिवाय तोडता न येणाऱ्या झाडांच्या त्याच्या अनुसूचीत हिरडा, ऐन, किंजळ, आंबा, फणस, जांभूळ ही झाडे येतात. बेहडा त्यात नाही. लाकूडही हलके, त्यामुळे जळणाच्या भावात पहिला जातो तो बेहडा. आणि नेमक्या त्याच्याच जुन्या खोडात धनेश पक्ष्याला घरट्यासाठी ढोली मिळते.

सातबाऱ्यापासून सुरुवात

झाडे मोजण्याआधी कागद तपासावा लागतो. सलग पट्ट्यातले सगळे गटनंबर गावनकाशावर रंगवून घ्यायचे, प्रत्येकाचा सातबारा व आठ-अ (खातेउतारा) काढायचा आणि ‘इतर हक्क’ रकाना नीट वाचायचा: तिथे वन, कूळ, बँकेचा बोजा किंवा न्यायालयीन दावा असेल तर तो गट तूर्त बाजूला ठेवलेला बरा. मग वारसांची यादी करायची. सह्या गोळा करायला गणपती आणि शिमगा हेच दोन मोसम, कारण तेव्हाच सगळे गावात असतात. वाडीत बैठक घेऊन तोंडी होकार मिळवणे सोपे असते. तिसऱ्या वर्षी भांडण उभे राहते ते सही न केलेल्या चुलतभावाकडून.

करार साधारण पाच ते दहा वर्षांचा असतो. त्यात गटनंबर, चतुःसीमा आणि क्षेत्र येते. व्यापारी तोड, खाणकाम, जेसीबीचा रस्ता आणि आग लावणे बंद. वाळलेले लाकूड, घरच्या गरजेपुरती कवळ, रानमेवा, औषधी फळे आणि पायवाट चालू. कवळ पूर्ण बंद केली तर करार महिनाभरही टिकत नाही. त्यापेक्षा झाडाचा शेंडा आणि वरचा तिसरा हिस्सा सोडून, एका झाडावर दोन वर्षांआड तोडायची, असा नियम लोक पाळतात. मोबदला रोख असेल तर दरवर्षी हप्त्याने द्यावा. एकदम दिलेले पैसे पहिल्याच लग्नसराईत संपतात आणि उरलेली वर्षे राखणीला कोणी बांधील राहत नाही. जळणाची गरज कमी व्हावी म्हणून सुधारित चुली किंवा बायोगॅस देणे हाही मोबदल्याचाच भाग धरतात.

रानातली कामे

आग हा पहिला शत्रू. गवत वाळले की डिसेंबर-जानेवारीत पट्ट्याच्या कडेने पाच-सहा मीटर रुंदीची जाळरेषा काढतात. गवत कापून आत ओढायचे नाही, रेषेतच पसरायचे आणि दव असताना, वारा पडलेला असताना, माणसे उभी करून जाळायचे. मार्चमध्ये हेच काम करायला गेलेली मंडळी स्वतःच वणवा लावून येतात. राब भाजणी आणि काजू वेचायला सोपे जावे म्हणून दिलेली आग, ही दोन नेहमीची कारणे. म्हणून राब भाजायचा दिवस शेजारच्या मालकांना आधी सांगण्याची अट करारात असावी.

पूर्वी तुटलेल्या रानात एकेका बुंध्यावर दहा-बारा फुटवे असतात. दोन-तीन सरळ, जोमदार आणि जमिनीलगत फुटलेले ठेवून बाकीचे काढावेत. वर, कापलेल्या टोकापाशी फुटलेला फुटवा जाड दिसला तरी वाऱ्याने निखळतो. कोयता धारदार हवा आणि काप तिरका, नाहीतर पाणी साठून बुंधा कुजतो. कापणी पावसाच्या तोंडावर करू नये. शेजारी देवरहाटी (देवाच्या नावाने राखलेले रान) असेल तर तिच्या बाजूचा शंभरेक मीटर पट्टा हात न लावता सोडावा; तिथून बी येते, रोपे लावायचा खर्च वाचतो.

गुरे अडवायला काटेरी तारेपेक्षा चिऱ्याचा किंवा दगडांचा गडगा बरा, मात्र एका मालकाने घातलेला गडगा दुसऱ्याच्या हद्दीत वीतभर सरकला तरी सगळी मोट सुटते. आधी मोजणी, मग गडगा. पऱ्ह्यावर (ओढ्यावर) पाऊस संपता संपता सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरून वनराई बंधारा घालतात. शेवटचे वाहते पाणी सापडले तरच त्याचा उपयोग. दिवाळीनंतर महिनाभराने घातलेला बंधारा कोरडाच राहतो.

बेहड्याचा पैसा

उभ्या झाडातून दरवर्षी पैसा मिळाल्याशिवाय ही व्यवस्था अनुदानावरच चालते. संगमेश्वरच्या पट्ट्यात तो मार्ग बेहड्याने दिला. हिवाळ्यात पडलेली फळे वेचायची, फांदी झोडायची नाही, आणि ठरलेला हिस्सा वन्यप्राण्यांसाठी खाली तसाच ठेवायचा. फळ दोन-तीन दिवसांत उचलले नाही तर बुरशी धरते. ढीग करून ठेवलेला माल आतून गरम होतो, म्हणून जमिनीवर न टाकता ताडपत्रीवर किंवा मांडवावर पातळ थरात वाळवावा लागतो. येथील हिरडा-बेहड्याला ‘फेअरवाइल्ड’ हे वन्य वनस्पतींच्या शाश्वत व न्याय्य संकलनाचे प्रमाणपत्र मिळाले आहे. त्यासाठी कोणत्या गटातून किती माल आला याची वही लागते. ती न ठेवणारे मालक एक वर्ष टिकतात, दुसऱ्या तपासणीला गळतात.

महाधनेशाची मादी ढोलीत स्वतःला लिंपून घेते आणि नर तिला अन्न पुरवतो. ढोली असलेल्या झाडाखाली उन्हाळ्यात मे अखेरपर्यंत कसलेच काम न करण्याची अट म्हणून वेगळी लिहितात.

कुठे बिनसते

काजू हे मोठे प्रलोभन. १९९०च्या रोजगार हमी फळबाग योजनेपासून लागवडीला अनुदान मिळू लागले. सात-सात मीटरवर, हेक्टरी दोनशे झाडे लावायची म्हणजे आधी रान साफ करणे आलेच. डोंगर हिरवाच राहतो, म्हणून नुकसान डोळ्यांना दिसत नाही. काजूला शिव्या देऊन उपयोग नाही, तो शेतकऱ्याला पैसे देतो. लागवड आधीच उघड्या असलेल्या गटांपुरती ठेवणे एवढेच करारात साधता येते.

दुसरी अडचण कायद्याची. भारतात खासगी जमिनीवर कायमचे संवर्धन-बंधन घालण्याची सरळ सोय नाही. १८८२च्या सुविधाधिकार कायद्यात हक्क शेजारच्या दुसऱ्या जमिनीच्या उपभोगासाठी असावा लागतो. त्यामुळे करार सही करणाऱ्यापुरता राहतो आणि जमीन विकली की नवा मालक मोकळा. अधिक पक्का मार्ग म्हणजे वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या कलम ३६-सी खालील समुदाय राखीव क्षेत्र. मालक स्वेच्छेने पुढे आले तर शासन ते घोषित करते, पण पुढे जमिनीचा वापर शासनाच्या मान्यतेशिवाय बदलता येत नाही, आणि १९७५ आठवणारे लोक याच वाक्याशी थांबतात. त्यापेक्षा किमान दहा उत्पादकांची शेतकरी उत्पादक कंपनी त्यांना परवडते. ती माल विकते, जमिनीच्या मालकीला हात लावत नाही.

गोव्यात प्रश्न वेगळ्या टोकाने येतो. तिथे खासगी वन ठरवायला निकष आहेत: किमान ५ हेक्टर सलग क्षेत्र, ०.४ छत्रघनता (झाडांच्या माथ्यांनी झाकलेल्या जमिनीचे प्रमाण) आणि ७५ टक्के वनवृक्ष. म्हणजे एका मालकाने मधला तुकडा साफ केला की शेजाऱ्यांचे रानही निकषाखाली घसरू शकते.

सिंधुदुर्गात आंबोली, चौकुळ, गेळे येथील कबुलायतदार गावकार जमिनी मुळातच सामायिक, पण वाटपाचा प्रश्न दीर्घकाळ रेंगाळल्याने तिथे करार कोणाशी करायचा, हेच आधी ठरवावे लागते.