वाईच्या पुढचा घाट आणि खिशातला गूळ

पसरणी घाटात साधारण सातव्या किलोमीटरला माझे हातपाय गळाले. नुसती दमले असं नाही, दम तर पहाटे कात्रजच्या जुन्या घाटापासूनच लागत होता, हे काहीतरी वेगळंच होतं, पाय आहेत पण त्यात जीव नाही, डोळ्यापुढे काजवे, आणि खाली धोमच्या धरणाचं पाणी इतकं सुंदर दिसतंय तरी मला उगाचच रडू यायला लागलं. सायकल कठड्याला टेकवून खाली बसले. मागून आमच्यातला सगळ्यात लहान रायडर आला, बावीस वर्षांचा पोरगा, माझ्याकडे एकदा बघितलं आणि "कसं वाटतंय" वगैरे काही विचारलंच नाही, डायरेक्ट म्हणाला, "ताई, शेवटचं कधी खाल्लंत?"

मी म्हटलं, शिरवळला, मिसळ.

"म्हणजे चार तास झाले की! हा गूळ तोंडात टाका आधी, मग बोला."

मी कॉलेजला बायॉलॉजी शिकवते. ग्लायकोजेन, म्हणजे शरीरातला साखरेचा साठा, हे मी वीस वर्षं फळ्यावर लिहितेय, पण ते संपतं म्हणजे नेमकं काय होतं हे त्या दिवशी त्या कठड्यावर कळलं, आणि ते ज्याने ओळखलं त्या पोराला वयाच्या नवव्या वर्षापासून टाइप १ डायबेटिस आहे, म्हणजे त्याच्या शरीरात इन्सुलिन बनत नाही, ते बाहेरून टोचून घ्यावं लागतं. आमची राइडच मुळात त्यासाठी होती. पुणे ते महाबळेश्वर, १२० किलोमीटर, आम्ही नऊ जण, ज्यांना परवडत नाही अशा घरातल्या टाइप १ मुलांच्या इन्सुलिनसाठी आणि शुगर तपासायच्या स्ट्रिप्ससाठी पैसे जमवायचे. सोसायटीतल्या लोकांनी, ऑफिसातल्या मित्रमंडळींनी किलोमीटरमागे दहा-वीस रुपये कबूल केले होते. माझी एवढी लांबची ही पहिलीच राइड.

आधी घाटाचा हिशोब सांगते, कारण तो मला फार आवडतो. वाई ते पाचगणी साधारण १२ किलोमीटर रस्ता आणि उंची वाढते सुमारे ६०० मीटर. माझं वजन ५८ किलो, सायकल १३, बाटल्या-बॅग वगैरे ३, म्हणजे ७४ किलोचं ओझं ६०० मीटर वर न्यायचं. शाळेतलं सूत्र लावलं, वस्तुमान गुणिले गुरुत्व गुणिले उंची, तर उत्तर येतं साधारण ४३६ किलोज्यूल, म्हणजे १०४ कॅलरी. एका केळ्याइतकी! अख्खा पसरणी घाट एका केळ्यात! पण आपलं शरीर इतकं काटकसरी नाही. स्नायू जेवढी ऊर्जा जाळतात त्यातली जेमतेम २०-२५ टक्के पॅडलपर्यंत पोचते, बाकीची सगळी उष्णता होऊन जाते, म्हणजे एका केळ्याचं काम करायला चार-पाच केळी जाळावी लागतात. टायरचं घर्षण, हवेचा अडथळा हे वेगळंच. घाटात वेग कमी असतो म्हणून हवा फारशी आडवी येत नाही, पण हायवेला सपाटीवर खरा शत्रू हवाच. हवा कापायला लागणारी पॉवर वेगाच्या घनाच्या पटीत वाढते, म्हणजे ताशी २० वरून ३० वर गेलात तर वेग दीडपट पण हवेसाठीची मेहनत तिप्पटीहून जास्त. म्हणून पहिल्या राइडला सकाळच्या जोशात खेड शिवापूरच्या उतारावर, सपाटीवर जोर लावणारे लोक दुपारी घाटात खाली उतरून चालताना दिसतात. मी तो जोर लावला नव्हता. माझी चूक खाण्यात झाली.

शरीरात साखरेचा साठा दोन ठिकाणी असतो, ग्लायकोजेनच्या रूपात, स्नायूंमध्ये साधारण ४०० ग्रॅम आणि लिव्हरमध्ये १०० ग्रॅमच्या आसपास, माणसागणिक आणि जेवणागणिक कमीजास्त. सगळा मिळून २००० कॅलरीच्या आत-बाहेर. दिवसभराच्या राइडला त्याहून किती तरी जास्त लागतात. आता कोणी म्हणेल की अंगावर चरबी आहे की, तिचं काय? बरोबर आहे, माझ्या अंगावर पंधरा किलो चरबी धरली तरी लाखाच्या वर कॅलरी झाल्या, नुसत्या तेवढ्यावर कन्याकुमारी गाठता येईल. पण चरबी जळते सावकाश. रमतगमत चालवलं तर ती पुरते, चढाला जोर लागला की स्नायूंना पटकन मिळणारी साखरच हवी असते, आणि मेंदू तर एरवीही जवळजवळ सगळा साखरेवरच चालतो. स्नायूंमधलं ग्लायकोजेन त्या स्नायूचं स्वतःचं, ते बाहेर रक्तात देता येत नाही, रक्तातली साखर टिकवायची जबाबदारी लिव्हरची. लिव्हरचा साठा आटला की रक्तातली साखर घसरते आणि मग मेंदू कुरकुर करायला लागतो, चिडचिड, रडू, अंधारी. सायकलवाले याला बॉंक होणं म्हणतात. बरेच जण याला मनाचा कमकुवतपणा समजतात, आणि स्वतःला दोष देत अजून जोर लावतात, ते मला फार चुकीचं वाटतं. तिथे मनाचा काहीच दोष नसतो, तिथे साखर कमी असते!

मिसळ खाल्ली होती की मग, असं मीही म्हटलं. पण मिसळीत तर्री, फरसाण, म्हणजे तेल, आणि तेलकट अन्न पोटातून पुढे सरकायला वेळ लावतं. त्यात खंबाटकी चढताना पोट जड वाटत होतं म्हणून मी पुढे सुरूर फाट्याला काहीच घेतलं नाही, वाईतही नुसतं पाणी पिऊन निघाले. लांब राइडला भूक लागायची वाट बघायची नसते, दर अर्ध्या-पाऊण तासाला थोडं थोडं पोटात जायला हवं, तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं. एका मध्यम केळ्यात साधारण २५ ग्रॅम असतात, त्यावरून अंदाज घ्या. नुसतं ग्लुकोज आतडं तासाला ६० ग्रॅमच्या आसपासच शोषू शकतं, कारण त्याचा रस्ता एकच, पण फ्रुक्टोजचा रस्ता वेगळा असतो, म्हणून दोन्ही मिळून घेतलं तर जास्त साखर आत जाते. गुळातली बहुतेक साखर ही सुक्रोज, म्हणजे ग्लुकोज आणि फ्रुक्टोजची जोडी. सायकलवाल्यांच्या महागड्या एनर्जी जेलच्या पाकिटात जे असतं त्यातलं बरंचसं काम गुळाच्या खड्याने होतं हे मी आता खात्रीने सांगते.

गूळ तोंडात टाकल्यावर दहा-पंधरा मिनिटांत डोकं ताळ्यावर आलं, पाय मात्र लगेच आले नाहीत, कारण रक्तात साखर पटकन पोचते पण स्नायूंचा रिकामा साठा नीट भरायला जवळजवळ एक दिवस लागतो. तोवर तो पोरगा माझ्या शेजारी बसून होता. त्याच्या दंडावर पाच रुपयाच्या नाण्याहून थोडा मोठा सेन्सर चिकटवलेला, मोबाइल जवळ नेला की शुगरचा आकडा आणि शेजारी बाण, वर जातेय की खाली. त्याने बघितलं, ११८, बाण खाली. त्याने लगेच खिशातून दोन खजूर काढले. मी विचारलं, ११८ म्हणजे नॉर्मल ना? तर म्हणाला, "ताई, आकड्यापेक्षा बाण बघायचा. अजून घाट बाकी आहे."

यामागचं सायन्स फार सुंदर आहे. एरवी रक्तातली साखर स्नायूच्या पेशीत जायला इन्सुलिन लागतं. पेशीच्या आत साखर ओढून घेणारे वाहक असतात, ग्लूट-४ नावाचे, ते एरवी आत दडून बसलेले, इन्सुलिनचा निरोप आला की पृष्ठभागावर येतात आणि साखर आत घेतात. पण स्नायू काम करायला लागला, आखडायला-सैल पडायला लागला, की हेच वाहक इन्सुलिनच्या निरोपाशिवायही वर येतात. म्हणजे पॅडल मारणारी मांडी स्वतःच साखर ओढून घेते. माझ्या शरीरात व्यायाम सुरू झाला की स्वादुपिंड इन्सुलिन आपोआप कमी करतं, हिशोब जुळतो. त्याच्या शरीरात इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशी त्याच्याच प्रतिकारशक्तीने मारून टाकलेल्या आहेत, त्याचं इन्सुलिन सुईतून येतं, आणि एकदा टोचलेलं परत काढून घेता येत नाही. वरून इन्सुलिन चालू आणि खालून मांड्या ओढतायत, शुगर धाडकन खाली येऊ शकते. ७० च्या खाली गेली की थांबायचं, १५ ग्रॅम साखर घ्यायची, १५ मिनिटांनी परत बघायचं. राइडच्या आधी इन्सुलिन किती कमी करायचं हे त्याने त्याच्या डॉक्टरांबरोबर बसून कित्येक महिने छोट्या राइड करून ठरवलंय, ज्याचं त्याने आपल्या डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावं. मी ज्या हिशोबात एकदा चुकले तो तो रोज करतो, शाळेत, परीक्षेत, लग्नाच्या पंगतीत, झोपेत.

आणि एक सांगायलाच हवं, टाइप १ गोड खाऊन होत नाही. "लहानपणी चॉकलेट जास्त दिली असतील" असं त्याच्या आईला लोकांनी कितीदा ऐकवलंय. ते साफ खोटं आहे. ११ जानेवारी १९२२ ला टोरंटोमध्ये लेनर्ड थॉम्प्सन नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा इन्सुलिन टोचलं गेलं, त्याआधी हे निदान म्हणजे मुलाचे मोजके दिवस उरले असाच अर्थ होता. आज, २०१३ पासून, एका प्रोफेशनल सायकल टीममधले सगळेच्या सगळे रायडर टाइप १ आहेत, टीम नोवो नॉर्डिस्क. इन्सुलिन वेळेवर मिळालं तर मूल काय करू शकतं ते यावरून कळतं. वेळेवर मिळालं तर.

मिळालं तरी ठेवायचं कुठे हाही प्रश्न आहे. न उघडलेली बाटली २ ते ८ डिग्रीला ठेवायची असते, आणि घरात फ्रिज नसेल, लाइट जात असेल तर? अशा घरांमध्ये मडकं वापरतात. मोठ्या मडक्यात ओली वाळू, त्यात लहान मडकं, त्यात कोरड्या डब्यात इन्सुलिन. मातीतून पाणी झिरपतं, वाफ होऊन उडतं आणि उडताना उष्णता घेऊन जातं. फ्रिजइतकं थंड होत नाही, पण उन्हाळ्यातल्या पत्र्याच्या घरापेक्षा कितीतरी बरं. घाटात माझं शरीर नेमकं हेच करत होतं. एक लिटर घाम पूर्ण वाळला तर सुमारे ५८० कॅलरी उष्णता नेतो, घाटात जी जादाची उष्णता झाली ती बाहेर टाकायला मला अर्धा-पाऊण लिटर घाम वाळवावा लागला असणार. फेब्रुवारीची कोरडी हवा होती म्हणून तो वाळला. दमट कोकणात मडक्याचं पाणीही नीट गार होत नाही आणि सायकलवाल्याचा घामही नुसता ओघळतो. घामाबरोबर मीठ जातं, म्हणून तासन् तास नुसतं साधं पाणी ढोसत राहणंही बरोबर नाही, लिंबू-मीठ-साखर घातलेलं पाणी एका बाटलीत असावंच.

पाचगणीला पोचलो तेव्हा दीड वाजला होता. पुढचे अठरा-एकोणीस किलोमीटर चढउतार आहेत, पण स्ट्रॉबेरीची शेतं लागली, नऊच्या नऊ जण ओळीत एका लयीत चालवत होतो आणि पाय दुखायचे जवळजवळ थांबले होते. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी बोट वल्हवणाऱ्यांवर केलेला प्रयोग आठवला, एकट्याने वल्हवण्यापेक्षा सगळ्यांनी एका तालात वल्हवल्यावर त्यांची वेदना सोसायची ताकद जास्त वाढली होती, तेवढीच मेहनत करून. आमच्याही बाबतीत तेच झालं असेल का, नक्की सांगता येणार नाही, पण वाटलं मात्र तसंच.

मुक्कामाला सगळे आडवे झाले. मी आणि आमच्यातल्या दोघी एका खोलीत, शेजारच्या खोलीत मुलं. रात्री दोन वाजता भिंतीपलीकडे मोबाइलचा अलार्म वाजला. लांब व्यायामानंतर स्नायू आपला रिकामा साठा भरत राहतात, दिवसभर, कधी त्याहून जास्त वेळ रक्तातली साखर ओढत राहतात, त्यामुळे झोपेतच शुगर पडायची भीती असते. मी उठून दार ढकलून बघितलं. तो कॉटवर बसला होता, एका हातात मोबाइल, एका हातात दुधाचा ग्लास.

"किती?" मी विचारलं.

"७८. बाण सरळ आहे," तो म्हणाला, "झोपा ताई तुम्ही," आणि बिस्किटाचा पुडा फोडला.