ट्विनचार्जिंग

एकाच इंजिनावर सुपरचार्जर आणि टर्बोचार्जर अशी दोन्ही यंत्रे बसवून सिलिंडरमध्ये जादा हवा कोंबण्याची पद्धत. दोन टर्बो असलेले 'ट्विन टर्बो' इंजिन वेगळे. तिथे दोन्ही यंत्रे एकाच जातीची असतात. कारखान्यातूनच अशी जोडणी घेऊन बाहेर पडलेल्या मोटारी मोजक्याच आहेत. पण मुळात टर्बो असलेल्या स्पोर्ट्स कारवर नंतर सुपरचार्जर चढवण्याचा खटाटोप हौशी मंडळी आजही करतात.

टर्बोचार्जर इंजिनाच्या टाकाऊ वायूंवर चालतो. एक्झॉस्टमधून निघणारे गरम वायू टर्बाइन फिरवतात आणि त्याच दांड्यावरचा कॉम्प्रेसर ताजी हवा दाबून आत ढकलतो. इंजिन मंद फिरत असताना हे वायू पुरे पडत नाहीत, म्हणून ॲक्सिलरेटर दाबल्यावर जोर यायला क्षणभर थांबावे लागते. हाच टर्बो लॅग. टर्बो जितका मोठा, तितकी वरची ताकद जास्त आणि हे थांबणेही जास्त. सुपरचार्जर बेल्टच्या साहाय्याने थेट क्रँकशाफ्टवर, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्यावर, फिरतो, त्यामुळे तो लगेच हवा देतो. मात्र त्यासाठी इंजिनाचीच ताकद खातो आणि वेग वाढेल तशी त्याची ही भूकही वाढत जाते. म्हणून खालच्या वेगाला सुपरचार्जर आणि वरच्या वेगाला टर्बो अशी कामाची वाटणी केली जाते.

दोन्ही यंत्रे एकापुढे एक जोडली की दाबांची बेरीज होत नाही, गुणाकार होतो. सुपरचार्जरने हवेचा दाब १.५ पट केला आणि टर्बोने तीच हवा आणखी १.६ पट दाबली, तर एकूण दाब २.४ पट होतो. बूस्ट म्हणजे वातावरणाच्या दाबापेक्षा जास्तीचा दाब, म्हणून बूस्टच्या काट्यावर सुमारे १.४ बार. पण दाबासोबत तापमानही चढते. ३० अंश सेल्सिअसची हवा इतकी दाबली की कॉम्प्रेसर निर्दोष धरला तरी ती ११५ अंशांच्या आसपास जाते, आणि खऱ्या कॉम्प्रेसरमध्ये सहज दीडशेच्या पुढे. अशा तापलेल्या हवेत पेट्रोल अवेळी पेटते, इंजिन ठोकू लागते आणि पिस्टन फुटू शकतो. त्यामुळे दाबलेली हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरशिवाय अशा इंजिनाचा विचारच करता येत नाही.

आधी कोण, नंतर कोण, हा प्रश्न किरकोळ वाटतो, तसा तो नाही. रूट्स पद्धतीचा सुपरचार्जर दर फेऱ्याला ठरावीक घनफळाची हवा पुढे सारतो. तो टर्बोच्या आधी बसवला तर बाहेरची विरळ हवाच त्याच्या वाट्याला येते, आणि वरच्या वेगाला टर्बोला जितकी हवा हवी तितकी तो देऊ शकत नाही. टर्बोचा गळाच आवळला जातो. म्हणून अशा रचनेत सुपरचार्जरला वळसा घालून हवा थेट टर्बोकडे नेणारी बायपास झडप लागतेच. तो टर्बोनंतर बसवला तर त्याला आधीच दाबलेली हवा मिळते आणि तेवढ्याच घनफळात जास्त वजनाची हवा मावते. पण मग त्याच्या दोन्ही बाजूंच्या दाबातला फरक वाढतो, बेल्टवरचा भार वाढतो आणि पट्टा घसरू लागतो. दोन्हींपैकी काहीही निवडले तरी टर्बोने जोर धरल्यावर सुपरचार्जरला बाजूला करण्याची सोय करावी लागते: बायपास, नाहीतर सुपरचार्जरच्या पुलीवर चुंबकीय क्लच.

कल्पना मोटारीत येण्याच्या कितीतरी आधी विमानांत रुळली होती. दुसऱ्या महायुद्धातील बी-१७ बाँबर आणि पी-४७ लढाऊ विमान यांच्या इंजिनांत गिअरवर फिरणारा सुपरचार्जर होताच, शिवाय उंचावरच्या विरळ हवेसाठी टर्बोही होता. अमेरिकेतील डेट्रॉइट डिझेलच्या टू-स्ट्रोक इंजिनांना सिलिंडरमधील जळका वायू हुसकावण्यासाठी रूट्स ब्लोअर लागायचाच. पुढे त्यांना टर्बो जोडला गेला आणि त्यांच्यावर चाललेल्या ट्रक-बसमध्ये ही जोडी कोणताही गाजावाजा न होता राबत राहिली.

मोटारींच्या जगात तिला नाव मिळाले ते लान्सिया डेल्टा एस४ या रॅली कारमुळे. लान्सियाची आधीची ०३७ ही गाडी केवळ सुपरचार्जरवर चालायची आणि १९८३ चे निर्मात्यांचे विश्वविजेतेपद तिने मिळवले. पण टर्बो असलेल्या आणि चारही चाकांना ताकद देणाऱ्या ऑडीपुढे ती फार काळ टिकणार नव्हती. डेल्टा एस४ मध्ये सुपरचार्जर ठेवूनच टर्बो आणला गेला. इंजिन १,७५९ घन सेंमीचे. हा विचित्र आकडा नियमांतून आला: दाबाने हवा भरणाऱ्या इंजिनाची क्षमता १.४ ने गुणून वर्ग ठरवला जाई, आणि १,७५९ गुणिले १.४ म्हणजे सुमारे २,४६३, अर्थात २,५०० च्या आत. त्यामुळे गाडी हलक्या वजनाच्या वर्गात बसली. ताकद मात्र ४८० अश्वशक्तीच्या घरात. नोव्हेंबर १९८५ मध्ये ब्रिटनमधील आरएसी रॅलीत, या गाडीच्या पहिल्याच जागतिक स्पर्धेत, चालक हेन्री तोइव्होनेनने ती जिंकून दिली. २ मे १९८६ रोजी कॉर्सिकातील रॅलीत त्याच गाडीत तोइव्होनेन आणि त्याचा सहचालक सेर्जिओ क्रेस्टो यांचा मृत्यू झाला. ही गाडी ज्या गटात धावे त्या ग्रुप बी गटाच्या गाड्या १९८७ पासून बंद झाल्या आणि हे इंजिन ऐन भरात असतानाच निकामी ठरले.

निसानने ९३० घन सेंमीच्या मार्च गाडीत हाच प्रयोग केला. मार्च आर (१९८८) आणि सुपर टर्बो (१९८९) यांची ताकद ११० अश्वशक्ती, त्या काळी एवढ्याशा इंजिनाला न शोभणारी. डेन्मार्कच्या झेनव्हो एसटी१ ने तो दुसऱ्या टोकाला नेला: व्ही८ इंजिन, १,१०४ अश्वशक्ती.

रोजच्या वापरात ही पद्धत खऱ्या अर्थाने आणली फोक्सवॅगनने. २००५ साली गोल्फ जीटीमध्ये आलेल्या १.४ लिटर टीएसआय इंजिनात हवा आधी सुपरचार्जरमधून, मग टर्बोमधून जाई. मिनिटाला सुमारे २,४०० फेऱ्यांपर्यंत सुपरचार्जर कामाला लागे. जोर हवा असेल तर ३,५०० पर्यंत पुन्हा जोडला जाई, त्यापुढे सगळा भार टर्बोवर. १७० अश्वशक्तीपेक्षा महत्त्वाचा होता तो २४० न्यूटन-मीटरचा टॉर्क (फिरवण्याचा जोर), १,७५० ते ४,५०० फेऱ्यांपर्यंत जवळपास सपाट. २००९ मध्ये त्याला 'वर्षातील सर्वोत्तम आंतरराष्ट्रीय इंजिन' हा सन्मान मिळाला. पुढे १८० अश्वशक्तीच्या रूपाबद्दल मात्र तेल जास्त खाण्याच्या तक्रारी आल्या. टीएसआय नाव दिसले की दोन्ही यंत्रे असतात असे नव्हे. चाकणला तयार झालेल्या पोलो जीटी टीएसआयमध्ये १.२ लिटरचे केवळ टर्बो इंजिन होते. व्होल्वोने २ लिटरच्या टी६ आणि टी८ गाड्यांत ही जोडी वापरली. टी८ मध्ये तिला मागच्या चाकांसाठी विजेच्या मोटरची साथ मिळाली.

टर्बो असलेल्या गाडीवर नंतर सुपरचार्जर बसवणाऱ्यांचा पहिला अडथळा जागा हा असतो. इंजिनाच्या तोंडाशी आधीच अल्टरनेटर, वातानुकूलनाचा कंप्रेसर आणि स्टीअरिंगचा पंप दाटीवाटीने बसलेले असतात. त्यात नवी पुली घालायची आणि पट्ट्याला पुरेसा विळखाही द्यायचा. टोयोटाच्या जुन्या इंजिनांवरचे एससी१२ आणि एससी१४ हे सुपरचार्जर या कामासाठी लोक आवर्जून शोधतात, कारण त्यांना मुळातच चुंबकीय क्लच असतो. थ्रॉटल अचानक मिटला तर दाबलेली हवा परत फिरवणारी झडप लागते, नाहीतर हवेची नळी निसटते. सर्वांत कटकटीचे काम ईसीयूचे, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या संगणकाचे: मूळ दाबमापक सेन्सर नव्या बूस्टपर्यंत मोजू शकत नाही, इंजेक्टर अपुरे पडतात, आणि सुपरचार्जर सुटून टर्बो हाती घेतो त्या क्षणी गाडीला धक्का बसू नये म्हणून इंधन आणि ठिणगीची कोष्टके पुन्हा पुन्हा बसवावी लागतात. एवढा खर्च केवळ कमाल अश्वशक्तीसाठी करणे शहाणपणाचे नाही. ती मोठ्या टर्बोने कमी त्रासात मिळते. वळणावळणाच्या रस्त्यावर, कमी फेऱ्यांना तत्काळ प्रतिसाद हवा असेल तरच हा खटाटोप सार्थकी लागतो. भारतात मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम ५२ निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरणारे बदल करू देत नाही, हेही लक्षात घ्यावे लागते.

फोक्सवॅगनने २०१२ नंतर १.४ लिटरच्या नव्या इंजिनात सुपरचार्जर काढून टाकला. थेट इंधन फवारणी आणि लहान, हलके टर्बो यांनी खालच्या वेगाची पोकळी बऱ्यापैकी भरून काढली होती, आणि दुसऱ्या यंत्राचे वजन व किंमत परवडेना. उरलेली पोकळी आता वीज भरते. २०१६ च्या ऑडी एसक्यू७ मध्ये ४८ व्होल्टवर चालणारा ७ किलोवॉटचा कॉम्प्रेसर पाव सेकंदाच्या आत मिनिटाला ७०,००० फेऱ्यांपर्यंत पोचतो. त्याला पट्टा लागत नाही आणि क्रँकशाफ्टवर त्याचा थेट भारही पडत नाही.